पानथरीत मुक्काम ठोकणारी पेशी

कर्करोगाचे निदान झाल्याचे कळताच मराठवाड्यात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कुठं झालाय?’ असा, आणि तोंडाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तो रास्तच असतो, कारण त्या रोगांना शरीरात एक ठरावीक ठिकाण असते, तेथील गाठ कधी हाताला लागते, शस्त्रक्रियेने काढता येते किंवा किरणोपचाराने नष्ट करता येते. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींना मात्र असे एकच ठिकाण नसते. त्या हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत जन्मतात, रक्तातून फिरतात, काखेतल्या, मानेतल्या आणि जांघेतल्या लसिकाग्रंथींमध्ये थांबतात, पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली असलेल्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, वस्ती करतात आणि पुन्हा रक्तात येतात. त्यामुळे त्यांच्यापैकी एखादी पेशी कर्करोगग्रस्त झाली की ‘कुठे’ या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही, आणि ‘कोणत्या पेशीला’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. प्रस्तुत प्रकरणात अशाच एका दुर्मीळ रोगाचा विचार केला आहे. वैद्यकात त्याला हेअरी सेल ल्युकेमिया म्हणतात. मराठीत त्याला केसाळ पेशींचा रक्तकर्करोग म्हणता येईल. सर्व प्रकारच्या ल्युकेमियांत त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे, तरीही त्याचा इतिहास असा आहे की संरक्षक पेशी म्हणजे काय, ती बिघडते कशी आणि तिला आवरायचे कसे, हे तिन्ही प्रश्न त्यातून उलगडत जातात.

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिंफोसाइट नावाच्या पेशींचे दोन मोठे गट आहेत, टी-पेशी आणि बी-पेशी. त्यांतील बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात, म्हणजे विशिष्ट जंतूला नेमकेपणाने चिकटणारी प्रथिने. शरीरात कोट्यवधी बी-पेशी असतात आणि प्रत्येकीची प्रतिपिंडाची घडण वेगळी असते, जणू प्रत्येकीजवळ एकाच कुलपाची किल्ली आहे. ज्या जंतूचे कुलूप ज्या किल्लीने उघडते ती बी-पेशी तो जंतू भेटताच वेगाने वाढू लागते, आपली किल्ली घासून अधिक अचूक करून घेते, आणि संसर्ग ओसरल्यावर तिच्या वंशातील काही पेशी वर्षानुवर्षे शांतपणे जगत राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. लहानपणी एकदा गोवर येऊन गेलेल्या माणसाला तो सहसा पुन्हा होत नाही, यामागे याच स्मृतीचा मोठा हात आहे. केसाळ पेशीच्या जनुकांची तपासणी केली असता तिच्या प्रतिपिंडाच्या जनुकांत अशा घासण्याच्या खुणा आढळतात, म्हणजे ती अननुभवी, नवखी पेशी नसून जंतूशी गाठ पडून गेलेली, स्मृतिपेशीच्या जवळची पेशी आहे. हे लक्षात घेतले की या रोगाचे बरेचसे वागणे समजू लागते: ही पेशी घाईने वाढत नाही, ती दीर्घायुषी असते, आणि स्मृतिपेशींना जवळची वाटणारी पानथरी व अस्थिमज्जा या दोन जागाच ती मुक्कामासाठी निवडते. बहुतेक लिंफोमांमध्ये, म्हणजे लिंफोसाइटच्या गाठींच्या कर्करोगांमध्ये, सुजणाऱ्या लसिकाग्रंथी या रोगात सहसा सुजत नाहीत.

पानथरी हा शब्द आजच्या पिढीच्या बोलण्यातून मागे पडत चालला असला तरी हिवतापाच्या दिवसांत तो घरोघरी माहीत होता, कारण वारंवार हिवताप आलेल्या माणसाच्या पोटात डावीकडे पानथरी वाढून ती हाताला लागत असे. निरोगी पानथरी मुठीएवढी असते आणि जुन्या झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढणे हे तिचे मुख्य काम असते. केसाळ पेशी तिच्या लाल गाभ्यात शिरून साचतात, तेथील रक्तवाहिन्यांच्या भिंती मोडून रक्ताची लहान लहान तळी निर्माण करतात, आणि पानथरी हळूहळू एवढी मोठी होते की जेवताना दोन घास खाल्ल्यावरच पोट भरल्यासारखे वाटते किंवा डाव्या कुशीवर झोपता येत नाही. वाढलेल्या पानथरीत चांगल्या पेशीही अडकून पडतात. अस्थिमज्जेत याहून गंभीर प्रकार घडतो: केसाळ पेशी तेथे धाग्यांसारखे तंतुमय जाळे विणण्यास भाग पाडणारी रसायने सोडतात, आणि या जाळ्यात नव्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट तयार होण्याचे काम मंदावते. रक्तकर्करोग म्हटला की पांढऱ्या पेशींची संख्या लाखांवर गेल्याचे चित्र लोकांच्या मनात उभे राहते. येथे बहुतेक रुग्णांत नेमके उलट घडते, तिन्ही प्रकारच्या पेशी एकाच वेळी कमी होतात. त्यामुळे दम लागणे, अशक्तपणा, अंगावर निळसर डाग पडणे आणि वरचेवर संसर्ग होणे अशी लक्षणे दिसतात, आणि ही लक्षणे महिनोन्महिने इतक्या संथपणे वाढतात की माणूस त्यांना वयाची देणगी समजून सहन करत राहतो. रुग्ण बहुधा पन्नाशीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे असतात, आणि स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांत हा रोग सुमारे चौपट आढळतो.

छत्रपती संभाजीनगरमधील गारखेडा परिसरासारख्या वस्तीत हा रोग ओळखण्यात अडचण कोठे येते, हे येथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. नावातच खेडे असलेला हा भाग आज सूतगिरणी चौक, विभागीय क्रीडा संकुल आणि त्यांच्या आजूबाजूच्या दाट वसाहतींनी गजबजलेला आहे; दवाखाने आणि रक्त तपासणाऱ्या लॅब येथे गल्लोगल्ली आहेत, आणि १९८९ साली सुरू झालेले डॉ. हेडगेवार रुग्णालयही याच भागात आहे. म्हणजे येथील माणसाला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, सहज करून घेता येते. प्रश्न पुढचा असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत ताप, कमी झालेल्या पांढऱ्या पेशी आणि घसरलेल्या प्लेटलेट असा अहवाल समोर आला की मनात सर्वप्रथम डेंग्यू येतो, आणि बहुतेक वेळा तो अंदाज बरोबरच असतो. डेंग्यूमध्ये मात्र हे आकडे साधारण आठ-दहा दिवसांत सावरतात. ताप उतरून तीन-चार आठवडे झाले, तरी प्लेटलेट ऐंशी हजारांच्या पुढे सरकत नाहीत, पांढऱ्या पेशी दोन-अडीच हजारांवरच अडल्या आहेत आणि हिमोग्लोबिनही सोबतीने खाली आले आहे, असा अहवाल दिसला तर तो डेंग्यूचा उरलेला परिणाम मानून सोडून देणे धोक्याचे ठरते. वाढलेली पानथरी पाहून हिवतापाकडे, यकृताच्या विकाराकडे किंवा क्षयाकडे बोट दाखवले जाते. आपल्या भागात हे तिन्ही विकार केसाळ पेशींच्या रोगापेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याने तो तर्कही चुकीचा म्हणता येत नाही. चूक होते ती हे सर्व विकार तपासून बाजूला ठेवल्यानंतरही शोध थांबवण्यात.

सीबीसीच्या कागदावरील एक ओळ या संदर्भात फार बोलकी असते, आणि तीच सर्वांत कमी वाचली जाते. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचे प्रमाण सामान्यतः शंभरात दोन ते आठ-दहा असते. केसाळ पेशींच्या रोगात त्या जवळजवळ नाहीशा होतात, आणि तिन्ही पेशींची घट, मोठी पानथरी व मोनोसाइटचा अभाव ही त्रयी एकत्र दिसली की अनुभवी डॉक्टरच्या मनात या रोगाचे नाव यायलाच हवे. येथे मोजणी करणारे यंत्र दगा देऊ शकते, कारण केसाळ पेशींचा आकार आणि घडण मोनोसाइटशी मिळतीजुळती असल्याने यंत्र त्यांनाच मोनोसाइट म्हणून मोजते आणि अहवालात तो आकडा व्यवस्थित दिसतो. म्हणूनच रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या डोळ्यांनी पाहण्याची जुनी पद्धत, ज्याला लॅबमध्ये स्मिअर किंवा पीएस म्हणतात, अजूनही कालबाह्य झालेली नाही. पॅथॉलॉजिस्ट जेव्हा काचेच्या कडेकडेने सावकाश पाहत जातो तेव्हा त्याला नेहमीच्या लिंफोसाइटपेक्षा थोडी मोठी, फिकट निळ्या कायेची आणि सर्व बाजूंनी बारीक, विस्कटलेले केस फुटल्यासारखी पेशी दिसते. हे केस म्हणजे पेशीच्या आवरणाचेच पातळ पदर असून आतून अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी त्यांना आधार दिलेला असतो. कित्येकदा संपूर्ण काचेवर अशा मोजक्याच पेशी असतात, आणि त्या दिसणे न दिसणे हे पाहणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. दिवसाला शेकडो नमुने हाताळणाऱ्या लॅबमध्ये ही सवड सर्वांत महाग वस्तू आहे, याची जाणीव रुग्णांनाही असायला हवी.

या पेशीची वैद्यकात ओळख पटण्यास बराच काळ लागला. १९२३ साली ओट्टो एवाल्ड या जर्मन डॉक्टरांनी अशा रोगाचे वर्णन केले होते, परंतु त्याला स्वतंत्र रोगाचे स्थान मिळाले ते १९५८ साली, जेव्हा पेरू देशात जन्मलेल्या आणि अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात काम करणाऱ्या बर्था बुरोंकल यांनी २६ रुग्णांचा काळजीपूर्वक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘केसाळ’ हे विशेषण १९६६ साली श्रेक आणि डोनेली या संशोधकांनी वापरले आणि ते इतके चपखल होते की मूळचे लांबलचक लॅटिन-ग्रीक नाव मागे पडले. १९७१ साली या पेशींत टार्टारिक आम्लाला दाद न देणारे एक विशिष्ट विकर असते असे दिसून आले. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रियांना गती देणारे प्रथिन. त्याच्या रंगचाचणीने पुढे कितीतरी वर्षे निदानाचा आधार दिला.

आज निदान पक्के करण्यासाठी दोन तपासण्या लागतात. पहिली अस्थिमज्जेची. कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन, सुईने मज्जेचा द्रव ओढला जातो, परंतु या रोगात वर सांगितलेल्या तंतुमय जाळ्यामुळे सिरिंजमध्ये बहुधा काहीच येत नाही. असा कोरडा प्रयत्न झाला की रुग्णाला आणि नातेवाइकांना डॉक्टरांचा हात चुकला असे वाटते. वास्तविक तो कोरडेपणा हीच निदानाच्या दिशेची खूण असते. म्हणून हाडाचा छोटा, काडीएवढा तुकडा काढून त्याची बायॉप्सी करावी लागते, आणि त्यात केसाळ पेशी एकमेकींपासून मोकळे अंतर राखून, प्रत्येकीभोवती पारदर्शक वलय असल्याप्रमाणे पसरलेल्या दिसतात. दुसरी तपासणी फ्लो सायटोमेट्रीची. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर तिची जात सांगणारी प्रथिने असतात, त्यांना सीडी या अक्षरांनंतर क्रमांक लावून ओळखतात. चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडे त्या प्रथिनांना चिकटवून पेशी एकेक करून लेझर किरणासमोरून नेल्या जातात आणि कोणत्या पेशीवर कोणती निशाणी आहे याची नोंद होते. बी-पेशींच्या नेहमीच्या सीडी-२० या निशाणीसोबत सीडी-११सी, सीडी-२५, सीडी-१०३ आणि सीडी-१२३ या चारही निशाण्या ठळक आढळल्या तर केसाळ पेशींबद्दल फारशी शंका उरत नाही. ही तपासणी महत्त्वाची ठरण्याचे आणखी एक कारण असे की या रोगाचा दिसायला सारखा पण वागायला वेगळा असा एक भाऊबंद आहे, ज्याला पूर्वी केसाळ पेशींचा उपप्रकार म्हणत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या वर्गीकरणात ज्याला स्वतंत्र नाव दिले गेले. त्याच्यावर नेहमीचे औषध तितके चालत नाही.

उपचारांचा इतिहास हा या विषयातील सर्वांत समृद्ध भाग आहे. प्रारंभी डॉक्टरांपुढे एकच मार्ग होता, वाढलेली पानथरी शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा. त्याने अडकलेल्या पेशी मोकळ्या होत आणि रक्ताचे आकडे सुधारत, पण मज्जेतील रोग तसाच राही, आणि त्या काळात निदानानंतरचे आयुष्य सरासरी चार वर्षांच्या आसपास असे. नेहमीची केमोथेरपी निरुपयोगी ठरली, कारण ती भराभर विभागणाऱ्या पेशींना मारते, आणि केसाळ पेशी तर संथ; औषधाने मज्जेतील उरलेल्या चांगल्या पेशीच आधी मरत. १९८४ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे सात रुग्णांना इंटरफेरॉन दिले गेले. इंटरफेरॉन हे विषाणूंशी लढताना शरीर स्वतःच तयार करते असे प्रथिन, आणि त्याने या सर्व रुग्णांच्या रक्तात सुधारणा दिसली. १९८६ साली अमेरिकेत इंटरफेरॉनला औषध म्हणून पहिली मान्यता मिळाली ती याच दुर्मीळ रोगासाठी.

खरी कलाटणी मात्र एका अगदी वेगळ्या आजाराच्या अभ्यासातून मिळाली. काही बालके जन्मतःच जवळजवळ प्रतिकारशक्तीविना जन्मतात. साधा सर्दीखोकलाही त्यांच्या जिवावर बेततो. १९७२ साली एलोईज गिब्लेट या अमेरिकी संशोधिकेला अशा बालकांत अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज या विकराचा अभाव आढळला. हे विकर एका टाकाऊ रेणूची, डीऑक्सिअ‍ॅडेनोसिनची, विल्हेवाट लावते. ते नसेल तर तो रेणू साचत जातो. सर्वच पेशींत तो साचतो, पण विष बनतो तो केवळ लिंफोसाइटमध्ये, कारण या रेणूला फॉस्फेट जोडून आत अडकवणारे विकर त्यांच्यात भरपूर आणि तो सोडवणारे विकर कमी असते. कॅलिफोर्नियातील डेनिस कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्दैवी बालकांच्या आजारातून एक तर्क उभा केला, आणि तो तर्क वैद्यकाच्या इतिहासात ठळकपणे सांगण्याजोगा आहे: जर विकराच्या अभावामुळे बालकांचे लिंफोसाइट नष्ट होतात, तर या अभावासारखाच परिणाम घडवणारे औषध लिंफोसाइटच्या कर्करोगावर चालायला हवे. त्यांनी टाकाऊ रेणूलाच क्लोरीनचा एक अणू जोडला, ज्यामुळे विल्हेवाट लावणारे विकर त्याला तोडू शकेना. हा बदललेला रेणू म्हणजे क्लॅड्रिबिन. त्याचे वैशिष्ट्य असे की लिंफोसाइट विभागत असो वा नुसते स्वस्थ बसलेले असो, तो दोघांनाही मारतो, आणि संथ केसाळ पेशींसाठी नेमके तेच हवे होते.

१९९० साली ला होया येथील स्क्रिप्स क्लिनिकमधील पिरो, कार्सन, बॉयटलर आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्णांना सलग सात दिवस शिरेतून क्लॅड्रिबिन दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी ११ जणांमध्ये रोगाचा मागमूस उरला नव्हता, तोही एकाच आवर्तनाने. ज्या रोगाला चार वर्षांची मुदत दिली जात असे त्याचे रुग्ण आज बहुधा समवयस्कांइतके जगतात. दहा वर्षांत साधारण एक-तृतीयांश रुग्णांत रोग परततो, परंतु तेच औषध पुन्हा दिल्यावर पुन्हा गुण येतो. सीडी-२० या निशाणीला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड क्लॅड्रिबिनच्या जोडीला दिले तर मागे राहिलेल्या पेशींचा अधिक निचरा होतो. रिटुक्सिमॅबची पहिली समरूप आवृत्ती २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने बाजारात आणली, हे भारतीय रुग्णांच्या दृष्टीने लहान पाऊल नव्हते, कारण जैविक औषधांची किंमत हीच कित्येकदा उपचारातील सर्वांत उंच भिंत असते.

ही पेशी मुळात बिघडली कशाने, या प्रश्नाचे उत्तर इटलीतील पेरुजा येथून २०११ साली आले. ब्रुनांजेलो फालिनी आणि एन्रिको तियाच्ची यांच्या चमूने एका रुग्णाच्या केसाळ पेशींतील प्रथिने घडवणारी सर्व जनुके वाचून काढली, तेव्हा बी-रॅफ नावाच्या जनुकात एकच चूक सापडली, आणि पुढे तपासलेल्या प्रत्येक रुग्णात तीच चूक त्याच जागी होती: प्रथिनातील ६००व्या स्थानी व्हॅलिनऐवजी ग्लुटामेट हे अमिनो आम्ल आले होते. बी-रॅफ हे पेशीला ‘वाढ’ असा आदेश देणाऱ्या साखळीतील एक बटण आहे, आणि या एका बदलाने ते कायमचे दाबलेल्या अवस्थेत अडकते. हाच बदल त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगातही आढळत असल्याने त्याला रोखणारी वेमुराफेनिब ही गोळी आधीच तयार होती. प्रयोगशाळेत या प्रकारच्या औषधात केसाळ पेशी ठेवल्या असता त्यांचे केस गळून पडतात, इतकी त्या एका बदलावर या पेशीची सारी ओळख उभी आहे. या गोळीला रिटुक्सिमॅबची जोड देऊन २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या ३० रुग्णांपैकी २६ जणांत रोग पूर्णपणे मागे हटला. विशेष म्हणजे ही गोळी मज्जा दाबत नाही, त्यामुळे अंगात गंभीर संसर्ग असलेल्या रुग्णालाही ती देता येते.

मराठवाड्यात संसर्गाचा हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही. क्लॅड्रिबिन केसाळ पेशींबरोबर चांगल्या लिंफोसाइटही मारते आणि त्यातील टी-पेशी पूर्ववत होण्यास महिने, कधी वर्षेही लागतात. त्यातच मोनोसाइट नसल्याने क्षयाचे आणि त्याच्या जातीचे जंतू या रुग्णांत डोके वर काढू शकतात, आणि ज्या प्रदेशात कित्येक प्रौढांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात तेथे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचे चित्र, खोकल्याचा इतिहास आणि घरात कोणाला क्षय होता का याची चौकशी, यांना निदानाइतकेच महत्त्व द्यावे लागते. रिटुक्सिमॅबपूर्वी हेपटायटिस-बीची तपासणी केली नाही तर यकृतातील झोपलेला विषाणू जागा होऊ शकतो. सुदैवाने हा रोग घाई करत नाही. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या वर आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी एक हजाराच्या वर असतील आणि त्रास नसेल तर उपचार लगेच सुरू न करता नियमित तपासणीवर थांबता येते. कॅन्सर आहे आणि तरी औषध नाही, ही गोष्ट कुटुंबाच्या पचनी पडणे अवघड असते. तिला दुर्लक्ष समजून घाईने दुसरीकडे धाव घेतली जाते, म्हणून थांबण्यामागचे कारण पहिल्याच भेटीत उलगडून सांगणे हाही उपचाराचाच भाग समजायला हवा.

दुर्मीळ म्हणजे किती, याचा अंदाज घेणे येथे उपयोगी ठरेल. अमेरिकेत दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ०.३ इतक्या नव्या व्यक्तींना हा रोग होतो. २०११च्या जनगणनेत तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, महानगराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. हेच प्रमाण लावले तर संपूर्ण शहरात वर्षाला तीन-चार रुग्ण, आणि आपली लोकसंख्या वयाने तरुण असल्याने त्याहूनही कमी. अशा रोगाची मोजणी व्हायची तर ती नोंदवहीतूनच होते. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली, म्हणजे ठरावीक प्रदेशातील प्रत्येक नव्या कर्करुग्णाची नोंद ठेवण्याची व्यवस्था, आणि १९७८ साली औरंगाबाद शहरही तिच्या कक्षेत आणले. २०१२ साली आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून मराठवाड्यातील बहुसंख्य रुग्णांची मुंबईची फेरी वाचली आहे, तरी फ्लो सायटोमेट्री किंवा बी-रॅफची चाचणी यांसारख्या तपासण्यांसाठी नमुना मोठ्या केंद्राकडे पाठवावा लागू शकतो, आणि नमुना पाठवला तरी चालते, रुग्णाने जाण्याची गरज नसते, ही साधी माहिती अनेक कुटुंबांना नसते. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश असून, कोणते औषध त्यात बसते याची विचारणा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे उपचार सुरू होण्यापूर्वीच केलेली बरी.

रोग कशाने होतो याबाबत शेतीप्रधान प्रदेशाला एक प्रश्न टाळता येत नाही. युरोपातील काही अभ्यासांत शेतकऱ्यांमध्ये आणि कीटकनाशके हाताळणाऱ्यांमध्ये केसाळ पेशींचा रोग अधिक आढळला आहे, आणि व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांना हा रोग झाल्यास अमेरिकी सरकार २०१०पासून तो सेवाजन्य मानते. यावरून मराठवाड्यातील एखाद्या कापूस उत्पादकाचा रोग फवारणीनेच झाला असे म्हणता येत नाही. मात्र तोंडाला रुमालही न बांधता, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करण्याची पद्धत बदलण्यास या एका रोगाचा दाखला पुरेसा नसला तरी अनेक कारणांत हेही एक कारण धरता येईल.

पेशीची निशाणी ओळखून तिलाच लक्ष्य करण्याचा जो विचार या रोगाने पुढे नेला त्याचे पुढचे रूप महाराष्ट्रातच घडले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून, प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत, रुग्णाच्याच टी-पेशी शरीराबाहेर काढून त्यांना बी-पेशींवरील सीडी-१९ ही निशाणी ओळखणारे कृत्रिम ग्राहक बसवण्याचे आणि त्या पुन्हा शरीरात सोडण्याचे तंत्र विकसित झाले. नेक्सकार-१९ नावाच्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. हा उपचार केसाळ पेशींसाठी नसून इतर औषधांना न जुमानणाऱ्या बी-पेशींच्या लिंफोमा आणि ल्युकेमियासाठी आहे. सात दिवसांच्या सलाइनने ज्याचे काम भागते त्या रुग्णाला त्याची गरज पडत नाही, आणि ‘नवीन’ म्हणजे ‘आपल्यासाठी’ असे समजून वर्तमानपत्रातील बातमीचे कात्रण घेऊन येणाऱ्या कुटुंबांना हे स्पष्टपणे सांगावे लागते.

बरा झालेला रुग्ण घरी परतल्यावर एक गोष्ट मात्र आयुष्यभर लक्षात ठेवण्याजोगी असते. क्लॅड्रिबिन घेतलेल्या माणसाला पुढे कधीही, अपघातात किंवा दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेत, रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आली तर ती पिशवी किरणोत्साराने प्रक्रिया केलेली असावी लागते, कारण प्रक्रिया न केलेल्या रक्तातील दात्याच्या जिवंत लिंफोसाइट, त्यांना हुसकावून लावणारी फौज रुग्णाच्या शरीरात पुरेशी नसल्याने, तेथे मूळ धरून रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करू शकतात आणि हा हल्ला बहुधा जीवघेणा ठरतो. आपल्याकडे अशा वेळी भाऊ किंवा मुलगा बाही वर करून पुढे येतो आणि घरच्या माणसाचे रक्त अधिक सुरक्षित, अशी सर्वांची समजूत असते. या विशिष्ट बाबतीत ते अधिक धोक्याचे असते, कारण जवळच्या नातलगाच्या पेशी परक्या म्हणून ओळखल्या जाण्याची शक्यता आणखी कमी होते. म्हणून रुग्णालयातून मिळालेल्या कार्डावर औषधाचे नाव, दिलेल्या तारखा आणि ‘किरणोत्सारित रक्तच द्यावे’ ही ओळ ठळक अक्षरांत लिहून घ्यावी, त्याची एक प्रत आधार कार्डासोबत पाकिटात आणि दुसरी घरातल्या फायलीत ठेवावी, आणि दर सहा महिन्यांनी सीबीसीसाठी गल्लीतल्या लॅबमध्ये जाताना ती फाइल बरोबर न्यावी, म्हणजे काच पाहणाऱ्याला आपण कोणती पेशी शोधतो आहोत हे आधीच ठाऊक असेल.